खेळासाठीं संगणक घेतांना

दहावीचा निकाल लागला किंवा दिवाळीची सुटी जवळ आली, कीं आमच्या विद्यालयांतील अनेक मुलांच्या मनांत एका वस्तूविषयीं मोठी उत्कंठा उत्पन्न होते. ती वस्तु म्हणजे संगणक. सायकल झाली, क्रिकेटची बॅट झाली, मोबाइल झाला. आतां ही पुढची पायरी. मुलगा वडिलांपुढें उभा राहतो आणि नम्रपणें म्हणतो, “बाबा, अभ्यासासाठीं संगणक पाहिजे.” या वाक्यांतील पहिला शब्द खरा आणि शेवटचे दोन खरे, मधला मात्र बहुधा खोटा असतो. संगणक हवा असतो तो खेळासाठीं. ही गोष्ट मुलास ठाऊक असते, त्याच्या सोबत्यांस ठाऊक असते, आम्हां शिक्षकांसही ठाऊक असते. ठाऊक नसते ती फक्त ज्याच्या खिशांतून पैसे जावयाचे त्या पित्यास. या लहानशा असत्याचा परिणाम काय होतो हें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे, आणि म्हणूनच या विषयावर चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

२०२५ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. त्या वर्षीं सप्टेंबरांतील अतिवृष्टीनें मराठवाड्यांतील पिकांची किती नासाडी झाली हें आपणां सर्वांस माहीत आहे. वसमतेकडील एका शेतकऱ्याचें सोयाबीन असेंच हातचें गेलें होतें. मागील हळदीचे थोडे पैसे शिल्लक होते. त्यांतून मुलाची इच्छा पुरवावी असें त्या गृहस्थांनीं ठरविलें. मुलानें सोबत्यांच्या सल्ल्यानें भागांची यादी केली आणि बापलेक परगांवच्या एका दुकानांत गेले. यादींत सर्वांत मोठा आंकडा ग्राफिक्स कार्डापुढें होता. “हें कशास लागतें?” असें वडिलांनीं विचारलें. “खेळासाठीं,” दुकानदार म्हणाला. “मग तें नको. आमचा मुलगा अभ्यासासाठीं संगणक घेत आहे,” असें म्हणून त्या सरळ मनाच्या गृहस्थांनीं ती ओळ खोडून टाकली. मुलगा शेजारींच उभा होता. पण त्याला बोलतां येईना. बोलावें तर स्वतःचें खोटें उघडें पडतें!

संगणक घरीं आला. बटण दाबतांच पंखे फिरूं लागले, रंगीत दिवे लागले. पडदा मात्र काळाच्या काळा. दोन दिवस खटपट करून शेवटीं मुलगा मजकडे आला. यंत्रांत बिघाड कांहींच नव्हता. त्यानें निवडलेल्या प्रोसेसराच्या नांवाशेवटीं ‘एफ’ हें अक्षर होतें. इंटेल कंपनीच्या डेस्कटॉप संगणकांच्या ज्या प्रोसेसरांपुढें हें अक्षर असतें, त्यांस आपल्या अंगचा चित्र काढणारा भाग वापरतां येत नाहीं. त्यांना निराळें ग्राफिक्स कार्ड लागतेंच. अंगचें चित्रसामर्थ्य नाहीं, आणि बाहेरचें वडिलांनीं खोडलेलें. मग पडद्यावर उजेड पडावा कोठून? दुकानदारानें त्याच वेळीं सावध करावयास हवें होतें हें खरें. पण त्याच्याही अगोदर मुलानें बोलावयास हवें होतें.

या अनुभवानंतर माझें जें मत बनलें तें असें : आपल्यासारख्या बेताच्या मिळकतीच्या घरांत खेळासाठीं संगणक घ्यावयाचा असेल, तर तो खेळासाठींच आहे असें उघड सांगून घ्यावा, प्रारंभीं निराळें ग्राफिक्स कार्ड घेऊं नये, तर ज्याच्या पोटांतच चांगलें ग्राफिक्स आहे असा प्रोसेसर घ्यावा, आणि वांचलेले पैसे जे भाग डोळ्यांत भरत नाहींत त्यांवर खर्च करावे. यांत कमीपणा कांहीं नाहीं. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण ज्यांनीं केली त्यांनीं झोपूंच नये असें सांगितलेलें नाहीं.

आतां या मतामागील कारणें क्रमानें सांगतों.

पूर्ण एच. डी. पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे एकंदर २०,७३,६०० ठिपके असतात. खेळांतील हालचाल अखंड वाटावी म्हणून सेकंदास साठ वेळां चित्र नवें काढावें लागतें. विद्यार्थ्यांनीं गुणाकार करून पाहावा. एका सेकंदांत बारा कोटींहून अधिक ठिपके रंगवावयाचे असतात. हें काम करणारा स्वतंत्र विभाग म्हणजे ग्राफिक्स. तो निराळ्या कार्डावर, स्वतःच्या निराळ्या स्मृतीसह असूं शकतो, किंवा मुख्य प्रोसेसराच्या पोटांतच असूं शकतो. दुसरा प्रकार हलका, असा मुलांमध्यें एक समज आहे. परंतु प्लेस्टेशन ४ हें २०१३ मध्यें आलेलें प्रसिद्ध खेळयंत्र घ्या, किंवा २०२२ मध्यें आलेलें स्टीम डेक हें हातांत धरावयाचें यंत्र घ्या. दोहोंतही गणित करणारा भाग आणि चित्र काढणारा भाग एकाच चिपेंत आहेत. तेव्हां एकत्र कुटुंब हा दोष नव्हे. त्या कुटुंबाची व्यवस्था कशी आहे हें पाहिलें पाहिजे.

अशा प्रोसेसरांत ए. एम. डी. कंपनीचे, नांवाशेवटीं ‘जी’ अक्षर असलेले प्रोसेसर अल्प खर्चाच्या कामीं विशेष उपयोगी ठरले आहेत. २०१८ मध्यें रायझन ३ २२००जी व रायझन ५ २४००जी हे आले. २०२१ मध्यें रायझन ५ ५६००जी बाजारांत आला. त्यांत सहा गाभे असून त्याची उष्णतेची मर्यादा ६५ वॅट आहे, आणि त्याला थंड ठेवणारा पंखाही डब्यांतच मिळतो. २०२४ च्या जानेवारींत ८६००जी व ८७००जी हे आणखी समर्थ भाऊ आले. इंटेलच्या ‘एफ’ नसलेल्या साध्या प्रोसेसरांतही ग्राफिक्स असतें. उदाहरणार्थ, २०२२ मधील आय३-१२१०० यांत तें आहे. पत्रव्यवहार, हिशेब, प्रोग्रामिंग यांस तें उत्तम, परंतु खेळांत ५६००जीच्या मागें राहतें. म्हणून नांवाशेवटचें अक्षर वाचावयास शिका. एका अक्षरानें अर्थाचा अनर्थ होतो हें मराठीच्या तासास आम्ही सांगतच असतों; बाजारांतही तेंच खरें आहे.

यानंतरचा भाग रॅम. आणि बहुतेक मुलें चुकतात तीं येथें. पूर्वीं आपल्याकडे विहिरीवर मोट चाले. विहिरीस पाणी भरपूर असलें तरी एका मोटेनें जेवढें निघे तेवढेंच पाटास मिळे. दोन मोटा चालूं लागल्या म्हणजे त्याच विहिरींतून दुप्पट पाणी वाहे. रॅमचें असेंच आहे. ज्या संगणकांत निराळें कार्ड नाहीं, तेथें गणित करणारा आणि चित्र काढणारा असे दोन्ही भाग एकाच विहिरीवर अवलंबून असतात. डी. डी. आर. ४ जातीची, ३२०० वेगाची एक पट्टी सेकंदास जास्तींत जास्त २५.६ गिगाबाइट सामग्री देऊं शकते. दोन पट्ट्या योग्य खांचांत बसविल्यास ५१.२ गिगाबाइट. म्हणून १६ गिगाबाइटची एकच पट्टी घेण्यापेक्षां ८ गिगाबाइटच्या दोन घ्याव्या. विहीर तेवढीच राहते, पण मोटा दोन होतात, आणि खेळाच्या गतींत पडणारा फरक नुसत्या डोळ्यांस दिसतो.

येथें एक अडचण सांगितली पाहिजे. २०२५ च्या उत्तरार्धांत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड गणनागृहांकडून मागणी वाढली आणि रॅमचे भाव जगभर झपाट्यानें चढले. अशा वेळीं ज्याची ऐपत कमी त्यानें प्रथम ८ ची एकच पट्टी घ्यावी, दुसरी खांच मोकळी ठेवावी, आणि पुढील हंगामांत त्याच वेगाची दुसरी घ्यावी. गति कमी मिळेल. परंतु कर्ज होणार नाहीं. त्याचप्रमाणें पट्टीवर जो वेग छापलेला असतो तो कित्येकदा आपोआप लागू होत नाहीं. यंत्र सुरू होतांना बायोसमध्यें जाऊन तो लागू करावा लागतो. या कामास एक पैसाही पडत नाहीं.

मदरबोर्डाविषयीं थोडक्यांत. ए. एम. ४ ही बैठक जुनी असून तीवर डी. डी. आर. ४ रॅम चालते. वर सांगितलेला ५६००जी हिच्यावरच बसतो. ए. एम. ५ ही २०२२ पासूनची नवी बैठक असून तिला डी. डी. आर. ५ रॅमच लागते. ८६००जी तीवर बसतो. जुन्या बैठकीवर पहिला खर्च कमी होतो, नव्या बैठकीवर पुढें वाढण्यास जागा अधिक. घरांत पैसा मोजका असेल तर जुनीच बरी, असें माझें मत आहे. बोर्ड कोणताही घ्या, परंतु त्यास पडद्याची वायर लावावयाची जागा आहे, रॅमच्या दोन खांचा आहेत, आणि पुढें कधीं कार्ड घ्यावेंसें वाटलें तर त्यासाठीं लांब खांच आहे, एवढें पाहूनच पैसे द्या.

आतां ज्यास दुकानदार एस. एम. पी. एस. म्हणतात त्या वीजपुरवठ्याच्या पेटीकडे वळूं. ही कोणास दिसत नाहीं, म्हणून तीवर पैसे घालणें मुलांच्या जिवावर येतें. आणि काच व रंगीत दिवे असलेल्या कॅबिनेटवर मात्र तींच मुलें भाळतात. दिसतें तसें नसतें, म्हणून जग फसतें. हलक्या पेटीवर छापलेले वॅट आणि ती खरोखर देऊं शकते ते वॅट यांत पुष्कळ अंतर असतें. आणि ती जळते तेव्हां कित्येकदा इतर भागांनाही बरोबर घेऊन जाते. आमच्या खेड्यांत दाब कमीजास्त होतो, वीज मध्येंच जाते. म्हणून नांवाजलेल्या कंपनीची, ८० प्लस प्रमाणपत्राची, साधारण ४५० वॅटची पेटी घ्यावी; घराचें अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावें; आणि शक्य असल्यास लहान यू. पी. एस. जोडावा. उन्हाळ्यांत येथें पारा चाळिसाच्या वर जातो आणि धूळ तर घरोघर आहे. तेव्हां कॅबिनेट काचेचें नको. समोरून हवा घेणारें जाळीचें असावें, आणि महिन्यांतून एकदां तें स्वतः साफ करावें.

निराळें कार्ड नसल्याचा एक लाभ पालकांच्या थेट कामाचा आहे. समजा, असा संगणक व पडदा मिळून खेळतांना १२० वॅट वीज घेतात. रोज दोन तास खेळल्यास तीस दिवसांत ७.२ युनिट होतात. मध्यम प्रतीचें एक कार्ड जोडलें, तर खेळाच्या वेळीं त्या एकट्यासच आणखी शंभर-दीडशें वॅट लागतात. कार्डाची किंमत एकदां द्यावी लागते. बिल मात्र दरमहा येतें.

साठवणुकीसाठीं ५०० गिगाबाइटची एस. एस. डी. पुरेशी आहे, जुनी फिरती हार्ड डिस्क स्वस्त दिसली तरी मुख्य कामास घेऊं नये. येथें एक हिशेब मुलें विसरतात. आजकालचे मोठे खेळ शंभर गिगाबाइटच्या घरांत जातात. ज्याच्या मोबाइलवर रोज २ गिगाबाइट डेटा मिळतो, त्याला असा एक खेळ उतरवून घेण्यास ५० दिवस लागतील; आणि तेवढे दिवस आईला बहिणीशीं व्हिडिओवर बोलतां येणार नाहीं! म्हणून कोणता खेळ खेळावयाचा हें आधीं ठरवावें व संगणक मग.

कोणते खेळ चालतात? ५६००जीसारख्या प्रोसेसरावर मिनक्राफ्ट, व्हॅलोरंट, रॉकेट लीग यांसारखे खेळ चित्राचे तपशील थोडे कमी ठेवून चांगले चालतात. नवे, अतिशय अवजड खेळ चालणार नाहींत, किंवा रखडत चालतील. हें आधींच समजून असावें. एक युक्ति अशी कीं चित्राचें माप १२८० × ७२० ठेवलें तर ठिपके ९,२१,६०० च उरतात, म्हणजे निम्म्याहूनही कमी, आणि अडखळणारा खेळ वाहता होतो. चित्र थोडें अस्पष्ट दिसतें खरें. पण गल्लींतल्या क्रिकेटला हिरवळ नसते म्हणून आपण कधीं खेळावयाचें राहिलों काय?

एका गोष्टींत मात्र काटकसर नको. दुकानांत कित्येकदा “विंडोज फुकट टाकून देतों” असें सांगतात. तें फुकट नसतें. चोरलेलें असतें, आणि चोरीबरोबर घरांत आणखी कोणते उपद्रव शिरतात तें नंतर कळतें. पैसे असतील तर विंडोज रीतसर विकत घ्यावी. नसतील तर लिनक्स रीतसर विनामूल्य मिळतें. १९९१ मध्यें आरंभ झालेली ही प्रणाली आज खेळांसही निरुपयोगी राहिलेली नाहीं. २०१८ पासून प्रोटॉन नांवाच्या साधनामुळें विंडोजसाठीं केलेले पुष्कळ खेळ तीवर चालतात. सगळे मात्र नाहींत. व्हॅलोरंट चालत नाहीं. हवा तो खेळ मिळत नाहीं म्हणून चोरी करावी कीं दुसरा खेळ निवडावा, याचें उत्तर माझ्या विद्यार्थ्यांस मीं सांगण्याची गरज पडूं नये.

पालकांपैकीं कोणी म्हणतील, “गुरुजी, आपण खेळाची तरफदारी कशी करतां? या खेळांनीं मुलें वाया जातात.” त्यांची भीति निराधार नाहीं. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांनीं घरें बसलीं आहेत. म्हणूनच २०२५ च्या ऑगस्टांत संसदेनें त्यांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. तो जुगार निराळा व हा खेळ निराळा, हा भेद मात्र आपण ठेविला पाहिजे. मुलाच्या खिशांतील मोबाइलवर तो काय खेळतो हें आपणांस दिसत नाहीं. ओसरीवर किंवा बैठकीच्या खोलींत, सर्वांच्या देखत ठेवलेल्या मोठ्या पडद्यावर तो काय खेळतो हें सर्वांस दिसतें. बंद खोलींतील मोबाइलपेक्षां बैठकींतील संगणक बरा, असें मी अनुभवानें म्हणतों. वेळेची मर्यादा ठरवा, ती मुलाकडूनच कागदावर लिहवून घ्या. आणि तो ती पाळीत असेल तर मधून मधून त्याच्या शेजारीं बसून एखादा खेळ पाहाही.

शिवाय ज्या मुलानें स्वतः भाग निवडले आणि जोडले, तो यंत्राचा नुसता भोक्ता राहत नाहीं. आपल्या जिल्ह्यांत औंढा नागनाथ तालुक्यांत लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळानें २०२३ च्या एप्रिलांत मान्यता दिली. खर्चाचा आंकडा २,६०० कोटी रुपये आहे. अमेरिकेंतील अशाच वेधशाळांनीं जमविलेली सामग्री चाळण्यासाठीं ‘आइन्स्टाइन ॲट होम’ हा उपक्रम २००५ पासून सामान्य लोकांच्या घरगुती संगणकांची मदत घेतो. संगणक रिकामा असतांना तो आपला वांटा मोजून देतो. खेळणारा प्रत्येक मुलगा शास्त्रज्ञ होईल असें मानण्याइतका मी भाबडा नाहीं. परंतु रात्रीं खेळ संपल्यावर तेंच यंत्र ताऱ्यांच्या शोधांत हातभार लावूं शकतें, हें हिंगोलीच्या मुलांस ठाऊक असावें असें मला वाटतें.

आतां त्या वसमतेकडील बापलेकांकडे परत येऊं. बरीच रदबदली केल्यावर, कांहीं नुकसान सोसून, तो प्रोसेसर बदलून ‘एफ’ नसलेला तसाच दुसरा मिळाला. पडद्यावर उजेड पडला. त्या यंत्रावर अभ्यास उत्तम होतो. खेळ मात्र बेताचेच चालतात. साधारण त्याच खर्चांत खेळासही पुरेल असें ग्राफिक्स पोटांत असलेला प्रोसेसर आला असता. परंतु मुलानें अभ्यासासाठीं मागितला, आणि त्याला अभ्यासाचाच संगणक मिळाला. शेवटीं एके दिवशीं माझ्या समोर त्यानें वडिलांस खरें काय तें सांगितलें. मला वाटलें, गृहस्थ रागावतील. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “खेळायला पाहिजे म्हणाला असतास, तर मी नाहींच म्हटलं असतं, असं तुला कां वाटलं रे?” मुलास उत्तर देतां आलें नाहीं, तो रडूं लागला.

विद्यार्थिमित्रहो, पुढच्या वेळीं वडिलांपुढें उभे राहाल तेव्हां मधला शब्द बदला. “बाबा, खेळासाठीं संगणक पाहिजे, एवढा खर्च येईल, ही यादी, यांतलें काय कमी करतां येईल तें आपण दोघे पाहूं,” असें म्हणा. कदाचित् ते या वर्षीं नाहीं म्हणतील, कारण पाऊस आपल्या हातीं नाहीं. तसें झाल्यास यादी वहींत जपून ठेवा. आणि पालकहो, तो शब्द तुमच्या मुलानें खरा उच्चारला, तर पैसे असोत वा नसोत, त्याची यादी एकदां शेवटपर्यंत वाचा.